पंचेचाळिशीनंतर फिटनेस ट्रेनर होण्याचा विचार: अनुभवी मंडळींचे मार्गदर्शन हवे आहे

आरोहिणी (धागाकर्ती)

माझे वय ४६ असून आजवरची सगळी नोकरी लेखापरीक्षणात झाली आहे. चाळिशीच्या सुमारास पाठदुखीमुळे व्यायामाला लागले, पुढे वजन उचलण्याच्या व्यायामाची गोडी लागली, आणि गेल्या काही वर्षांत कार्यालयातील सहकारी व परिचयातील काही बायका माझ्याकडून व्यायाम शिकून घेऊ लागल्या. एखादीला गुडघ्याची भीती न बाळगता खुर्चीतून उठता येऊ लागले की जे समाधान मिळते, ते आता मूळ कामात मिळत नाही. म्हणून फिटनेस ट्रेनर हाच पूर्णवेळ पेशा करावा, असा विचार गांभीर्याने चालू आहे.

माझ्या शंका अशा. या वयात कोणी नवख्या ट्रेनरवर विश्वास ठेवेल का? शिक्षण नेमके कोणते घ्यावे आणि त्यातले कोणते खरोखर उपयोगी पडते? उत्पन्नाचे गणित कसे बसते? आणि दिवसभर उभे राहून, प्रात्यक्षिके दाखवून काम करणे माझ्या शरीराला पुढची १५-२० वर्षे झेपेल का? उत्साह वाढवणाऱ्या प्रतिसादांपेक्षा प्रत्यक्ष काम कसे असते हे सांगणारे प्रतिसाद मिळाले तर अधिक आनंद होईल.

स्थिरपाद

मी ४४व्या वर्षी अभियांत्रिकीतील नोकरी सोडून या क्षेत्रात आलो आणि आता बरीच वर्षे याच कामावर उदरनिर्वाह करतो आहे, त्यामुळे वयाच्या शंकेपासून सुरुवात करतो.

तुमच्याकडे कोण येणार, यावर वयाचा अडथळा होणार की आधार होणार हे ठरते. स्पर्धेसाठी शरीर घडवू पाहणारा विशीतला मुलगा बहुधा तुमच्याकडे येणार नाही, आणि त्याचे वाईट वाटून घेण्याचे कारण नाही. पन्नाशी-साठीतली माणसे मात्र जिममध्ये शिरताना बुजतात. आपल्याला कोणी हसेल, आपल्या दुखण्याकडे दुर्लक्ष करून कोणी दामटेल, ही धास्ती त्यांच्या मनात असते. सांध्यांचा ताठरपणा, अपुरी झोप, घरच्या जबाबदाऱ्या हे सगळे स्वतः अनुभवलेला माणूस समोर असला की ती मोकळेपणाने बोलतात, आणि ती बोलली तरच आपल्याला योग्य व्यायाम ठरवता येतो.

या वयोगटाची गरजही मोठी आहे. वयाबरोबर स्नायूंचे वस्तुमान घटते. साधारण तिशीनंतर दर दशकाला ३ ते ८ टक्के असा अंदाज सर्वत्र सांगितला जातो आणि साठीनंतर हा वेग वाढतो. या घटीला ‘सार्कोपेनिया’ हे नाव आयर्विन रोझेनबर्ग यांनी १९८९ साली सुचवले. पुढच्याच वर्षी एक अभ्यास प्रसिद्ध झाला, जो प्रत्येक नव्या ट्रेनरने वाचावा असे मला मनापासून वाटते. मारिया फियातारोने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वृद्धांच्या निवासी शुश्रूषागृहातील ८६ ते ९६ वर्षे वयाच्या दहा अशक्त व्यक्तींना आठ आठवडे मांडीच्या स्नायूंसाठी चांगले जड वजन देऊन व्यायाम करवून घेतला. नऊ जणांनी तो पूर्ण केला आणि त्यांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. नव्वदीतला स्नायूही शिकतो, हे एकदा पटले की साठीच्या माणसाला ‘आता या वयात काय’ असे म्हणण्याचा अधिकार आपल्याला उरत नाही.

तुमच्या लेखापरीक्षणाच्या सवयी इथे फार उपयोगी पडतील. कोणी किती वजन, किती वेळा उचलले, कोणत्या हालचालीत चेहरा आक्रसला, कोणत्या दिवशी झोप झाली नव्हती, याची शिस्तशीर नोंद ठेवणारे ट्रेनर थोडे असतात. भार हळूहळू वाढवत नेण्याचे तत्त्व सर्वांना ठाऊक असते, परंतु नोंदच नसेल तर वाढ कशावरून मोजणार?

हिशेबनीस

माझी पत्नी या पेशात आहे आणि तिचा जमाखर्च मी पाहतो, म्हणून फक्त उत्पन्नाविषयी लिहितो.

या कामाचे तास दिवसाच्या दोन टोकांना असतात. लोक नोकरीला जाण्यापूर्वी आणि नोकरीवरून परतल्यानंतर व्यायाम करतात, त्यामुळे पहाटे काम, दुपारी रिकामा वेळ आणि संध्याकाळी पुन्हा काम असा दिवस जातो. कागदावर पाच-सहा तासांचे दिसणारे काम प्रत्यक्षात पहाटेपासून रात्रीपर्यंत पसरते. घरात मुले किंवा वृद्ध असतील, तर हा मुद्दा पैशांच्याही आधी घरातल्या सर्वांशी बोलून घ्यावा.

उत्पन्नात दुसरी अडचण खंडांची असते. क्लायंट आजारी पडतो, प्रवासाला जातो, परीक्षांच्या किंवा सुट्ट्यांच्या काळात गळती होते. ज्या तासाला कोणी आले नाही, त्या तासाचे पैसे बहुतेक ठिकाणी मिळत नाहीत. म्हणून शुल्क आगाऊ घेणे आणि ऐनवेळी रद्द केलेल्या तासाबद्दलचा नियम पहिल्याच दिवशी लेखी देणे आवश्यक आहे. संकोचापोटी हे टाळणारे नवे ट्रेनर दोन-तीन महिन्यांतच वैतागतात. जिममध्ये काम करणार असाल तर शुल्कातला किती वाटा जिमचा, तुम्ही पगारी कर्मचारी की स्वतंत्र व्यावसायिक, आणि दुखापतीची जबाबदारी कोणाची, हे करारात स्पष्ट हवे. स्वतंत्र काम करणार असाल तर व्यावसायिक दायित्वाचा विमा घेतल्याशिवाय पहिला तासही घेऊ नका.

माझे स्पष्ट मत असे आहे की नोकरी आधी सोडू नये. सकाळच्या एक-दोन बॅच किंवा शनिवार-रविवारचे तास घेत, किमान वर्षभराचे सगळे ऋतू पाहून मग निर्णय घ्यावा.

मनगट

हिशेबनीस यांच्या सावधगिरीशी सहमत आहे. शिक्षणाबाबत मात्र माझे मत थोडे वेगळे आहे. प्रमाणपत्रांवर फार वेळ आणि पैसा घालवण्यापेक्षा एखाद्या चांगल्या, जाणत्या ट्रेनरच्या हाताखाली सहा महिने उभे राहावे. माणसाचा तोल कुठे जातो, कोण घाबरून श्वास रोखतो, कोण खोटेच ‘जमतंय’ म्हणतो, हे पुस्तकात सापडत नाही. मी तरी जे शिकलो ते जिममध्ये उभे राहून शिकलो.

पायाभरणी

मनगट, निरीक्षणाचे महत्त्व मान्य आहे, पण पाया न घालता निरीक्षण केले तर जे दिसते त्याचा अर्थ लागत नाही. ज्याच्या हाताखाली शिकलो त्याच्या चुकाही आपण तितक्याच निष्ठेने उचलतो, आणि त्या चुका आहेत हे कळण्यासाठी स्वतंत्र ज्ञान लागते. दुसऱ्याच्या शरीराची जबाबदारी घेणाऱ्याला अभ्यास आणि अनुभव यांपैकी एकच गोष्ट निवडण्याची मुभा नसावी, असे मला वाटते.

आरोहिणी, पुष्कळ देशांत ट्रेनर होण्यासाठी कायदेशीर परवाना लागत नाही, त्यामुळे दोन दिवसांत हातात पडणारी प्रमाणपत्रे भरपूर आहेत. त्यांतून चांगले ओळखण्यासाठी तीन गोष्टी पाहाव्यात: परीक्षा देखरेखीखाली होते का, सीपीआरचे (हृदय बंद पडल्यास छाती दाबून करायच्या प्रथमोपचाराचे) प्रशिक्षण बंधनकारक आहे का, आणि ठरावीक काळाने नूतनीकरण करावे लागते का. अमेरिकन कौन्सिल ऑन एक्सरसाइज, नॅशनल अकॅडमी ऑफ स्पोर्ट्स मेडिसिन, अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिन आणि नॅशनल स्ट्रेंग्थ अँड कंडिशनिंग असोसिएशन या संस्थांची प्रमाणपत्रे अनेक देशांत ओळखली जातात. पहिल्या दोन संस्था दर दोन वर्षांनी आणि उरलेल्या दोन दर तीन वर्षांनी पुढील अभ्यासाचा पुरावा मागतात. आपल्या भागात कोणते प्रमाणपत्र मागितले जाते, हे मात्र तिथल्या चार-पाच जिमना प्रत्यक्ष विचारून ठरवा.

अभ्यासाला घाबरू नका. शरीररचना, स्नायूंची क्रिया, ऊर्जेचे मार्ग, व्यायामाची आखणी, दुखापतींचे प्रकार, वर्तनबदलाचे मानसशास्त्र असा त्याचा आवाका असतो. नोकरी सांभाळून चार ते सहा महिने नियमित वाचन केले तर तो आवाक्यात येतो. प्रत्येक स्नायूचे नाव वाचताना तो स्वतःच्या शरीरावर शोधायचा आणि तो कामाला लावणारी हालचाल लगेच करून पाहायची, ही पद्धत या वयात पाठांतरापेक्षा फार चांगली टिकते.

सांधेजोड

मी फिजिओथेरपिस्ट आहे. या धाग्यावर जे कोणी मध्यमवयीन आणि ज्येष्ठ क्लायंट घेण्याचा विचार करत असतील, त्यांच्यासाठी थोडे विस्ताराने लिहिणे मला आवश्यक वाटते, कारण चुकीच्या व्यायामाने दुखावलेली माणसे शेवटी आमच्याकडे येतात.

पहिल्या भेटीत ‘पार-क्यू प्लस’ ही प्रश्नावली भरून घ्या. तिच्या पहिल्या पानावर सात प्रश्न असतात: हृदयविकार किंवा उच्च रक्तदाब, छातीत दुखणे, चक्कर किंवा शुद्ध हरपणे, अन्य जुनाट आजार, चालू औषधे, हाडे-सांध्यांच्या तक्रारी, आणि वैद्यकीय देखरेखीखालीच व्यायाम करण्याचा सल्ला. एकाही प्रश्नाला होकार आला तर पुढची पाने भरून घ्यावी लागतात आणि गरजेनुसार डॉक्टरांचा अभिप्राय घ्यावा लागतो. हे कागदपत्र केवळ औपचारिकता म्हणून भरू नका. प्रत्येक उत्तर समोर बसून वाचा.

औषधांचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. रक्तदाबासाठी किंवा हृदयासाठी बीटा-ब्लॉकर घेणाऱ्या व्यक्तीची नाडी व्यायामातही फारशी चढत नाही. अशा व्यक्तीला मनगटावरच्या घड्याळातला आकडा दाखवून ‘अजून जोर लावा’ असे सांगणे धोक्याचे आहे. तिथे गुन्नार बोर्ग या स्वीडिश मानसशास्त्रज्ञांची श्रममापनाची ६ ते २० अशी पट्टी (किती श्रम वाटतात ते व्यक्तीने स्वतःच आकड्यात सांगायचे) वापरावी, किंवा बोलण्याची साधी कसोटी लावावी: मध्यम श्रमात माणूस बोलू शकतो पण गाऊ शकत नाही. तसेही ‘२२० वजा वय’ हे सूत्र अंदाजापुरतेच आहे. २००१ साली तनाका आणि सहकाऱ्यांनी मांडलेल्या ‘२०८ वजा वयाच्या ०.७ पट’ या सूत्राशी ते चाळिशीत तंतोतंत जुळते, पण सत्तरीत पहिले सूत्र १५० आणि दुसरे १५९ ठोके सांगते, आणि माणसामाणसांतला फरक तर याहूनही मोठा असू शकतो.

मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर खाली आणणाऱ्या काही विशिष्ट गोळ्या घेणाऱ्यांना व्यायामादरम्यान आणि त्यानंतर कित्येक तासही साखर उतरण्याचा धोका असतो. थरथर, घाम, गोंधळलेले बोलणे ही चिन्हे ट्रेनरला ओळखता आलीच पाहिजेत आणि लगेच देता येईल अशी साखर जवळ असलीच पाहिजे. उच्च रक्तदाब असलेल्याने जड वजन उचलताना श्वास रोखून धरला तर दाब क्षणात फार वर जातो, म्हणून जोर लावताना श्वास सोडण्याची सवय हलक्या वजनावरच लावून घ्या. हाडे ठिसूळ झालेल्या व्यक्तीला कंबरेतून गोल वाकून वजन उचलायला किंवा सिट-अपसारखे पोट जोरात दुमडणारे व्यायाम करायला लावू नका, कारण मणक्यांवर पडणारा तो दाब हाड मोडण्यास पुरेसा ठरू शकतो. अतिश्रमानंतर कोणाला असह्य दुखणे, सूज आणि गडद तपकिरी लघवी असे झाले, तर तो नेहमीचा अंग दुखण्याचा प्रकार समजू नका. त्या व्यक्तीला विनाविलंब रुग्णालयात पाठवा.

हे सगळे शिकूनही निदान करणे, औषधात बदल सुचवणे आणि आजारासाठीचा आहार लिहून देणे ही ट्रेनरची कामे नाहीत. ज्या ट्रेनरने मला फोन करून ‘हा खांदा मला समजत नाही, तुम्ही पाहा’ असे सांगितले, त्यांच्याकडे मी पुढे माझे कित्येक रुग्ण विश्वासाने पाठवले आहेत.

आरोहिणी

इतक्या सविस्तर प्रतिसादांबद्दल सर्वांचे आभार. सांधेजोड, तुमचा प्रतिसाद मी छापून ठेवणार आहे. शरीराला झेपण्याबद्दलची माझी शंका मात्र अजून कायम आहे. रजोनिवृत्तीचा काळही आता जवळ येतो आहे, आणि पंचविशीतल्या ट्रेनरांच्या शेजारी उभे राहून काम करायचे आहे. या पेशातल्या एखाद्या बाईचा अनुभव वाचायला आवडेल.

निर्झरा

ताई, मी ५३ वर्षांची आहे आणि रजोनिवृत्तीचा सगळा काळ याच कामात घालवला आहे.

प्रात्यक्षिकाचा भार लोक समजतात तितका नसतो, मात्र तो आपण आवरावा लागतो. प्रत्येक क्लायंटबरोबर प्रत्येक सेट स्वतः करणारा ट्रेनर थकतो, आणि त्याचे लक्षही स्वतःच्या शरीराकडे वळते. दोन-तीन वेळा, रिकाम्या हाताने किंवा हलक्या वजनाने दाखवायचे आणि मग बाजूला उभे राहून पाहायचे. खरा ताण पडतो तो तळपायांवर, आवाजावर, आणि वाकून वजने जागेवर ठेवताना कंबरेवर. वजने क्लायंटलाच ठेवायला लावावीत. त्यांच्या दृष्टीने तोही व्यायामच आहे. स्वतःच्या व्यायामाची वेळ रोजच्या वेळापत्रकात क्लायंटच्या तासासारखी लिहून ठेवावी, नाही तर ती सर्वांत आधी बळी पडते. पहाटे उठायचे असेल तर रात्रीची झोप आधी सरकवावी लागते, आणि संध्याकाळच्या बॅच असताना हे जमत नाही. मी आठवड्यातून निम्मे दिवस फक्त सकाळचे आणि उरलेले दिवस फक्त संध्याकाळचे काम घेते. उत्पन्न थोडे कमी मिळते, पण मी टिकून आहे.

रजोनिवृत्तीकडे या कामातला अडसर म्हणून पाहू नका. इस्ट्रोजेन घटल्यावर हाडांची घनता वेगाने कमी होऊ लागते, आणि नेमक्या त्याच वेळी पुष्कळ बायकांना ‘आता जड काही उचलू नका’ असे सांगितले जाते. ऑस्ट्रेलियात झालेल्या ‘लिफ्टमोर’ नावाच्या चाचणीचे निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाले. तीत हाडांची घनता कमी झालेल्या, रजोनिवृत्ती होऊन गेलेल्या स्त्रियांनी आठवड्यातून दोनदा, अर्धा-अर्धा तास, आठ महिने, प्रशिक्षित देखरेखीखाली जड वजनाचे व्यायाम केले आणि त्यांच्या कंबरेच्या मणक्यांची घनता वाढली. यातले ‘प्रशिक्षित देखरेखीखाली’ हे शब्द आपल्यासाठी आहेत. हे काम करू शकणाऱ्या बायका फार थोड्या आहेत, आणि त्या हव्या आहेत, हे मी रोज पाहते.

तरुण ट्रेनरांशी तुलना सुरुवातीला मलाही बोचत असे. त्यांच्यातली काही मुले अतिशय अभ्यासू आहेत आणि त्यांच्याकडून मी भार उचलण्याचे बारकावे शिकले. तीच मुले स्वतःच्या आयांना माझ्याकडे पाठवतात.

संथगती

मी ट्रेनर नाही. वयाची ६१ वर्षे पूर्ण केलेला क्लायंट या नात्याने लिहितो. माझा पहिला ट्रेनर अंगाने अतिशय कमावलेला होता, पण तास चालू असताना तो फोनवर असे आणि मला रोज तोच कागद हातात देई. आताच्या बाई पन्नाशीच्या आहेत. आल्याबरोबर त्या काल झोप कशी झाली हे विचारतात आणि माझ्या उत्तरावरून त्या दिवसाचा व्यायाम खरोखर बदलतात. मी त्यांच्याकडे टिकून राहिलो याचे कारण एवढेच आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचनांनुसार आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम व्यायाम आणि किमान दोन दिवस स्नायूबळाचा व्यायाम करावा, हे मला आधीही माहीत होते. माहिती असून मी काही करत नव्हतो. पुढच्या मंगळवारी कोणीतरी माझी वाट पाहणार आहे, या जाणिवेने ते घडू लागले.

मनगट

पायाभरणी आणि सांधेजोड यांचे प्रतिसाद वाचून माझ्या आधीच्या मतात एक भर घालतो. औषधांविषयीची ही माहिती जिममध्ये उभे राहून मला कधीच मिळाली नसती. हाताखाली शिकण्याचा आग्रह मात्र कायम ठेवतो. अभ्यास चालू असतानाच आठवड्यातून दोन दिवस कोणाच्या तरी तासाला नुसते उभे राहून पाहावे, म्हणजे दोन्ही गोष्टी एकमेकींना पूरक ठरतील.

आरोहिणी

सर्वांचे वाचून माझे असे ठरले आहे की नोकरी सध्या चालू ठेवायची, परीक्षेचा अभ्यास सुरू करायचा, आणि ओळखीच्या एका ज्येष्ठ ट्रेनर बाईंच्या शनिवारच्या तासांना बसण्याची परवानगी मागायची. ज्येष्ठ आणि मध्यमवयीन स्त्रिया हाच गट घ्यायचा, हेही आता पक्के झाले आहे. स्थिरपाद, शेवटचा एक प्रश्न तुम्हाला विचारते: साठीची, कधीही व्यायाम न केलेली व्यक्ती पहिल्यांदा आली, तर पहिल्या तासात तुम्ही नेमके काय करता?

स्थिरपाद

पहिला अर्धा तास मी बहुतेक ऐकतो. प्रश्नावली, औषधे, जुन्या शस्त्रक्रिया, पडण्याचे प्रसंग, आणि ‘तुम्हाला काय करता यायला हवे आहे?’ हा प्रश्न. या प्रश्नाला वजन कमी करणे हे उत्तर आले तर तो पुन्हा विचारतो. बहुधा दुसऱ्या वेळी खरे उत्तर येते: नातवंडाला उचलायचे असते, जमिनीवर बसून आधाराशिवाय उठायचे असते, जिना न थांबता चढायचा असतो. ते उत्तर त्यांच्याच शब्दांत वहीच्या पहिल्या पानावर लिहितो. मग रक्तदाब मोजतो.

त्यानंतर रॉबर्टा रिकली आणि जेसी जोन्स यांनी ज्येष्ठांसाठी तयार केलेल्या चाचण्यांपैकी एक घेतो. साधारण ४३ सेंटिमीटर उंचीची, हात नसलेली खुर्ची भिंतीला टेकवून ठेवायची, हात छातीवर घडी घालून ठेवायला सांगायचे, आणि ३० सेकंदांत पूर्ण उभे राहून पुन्हा बसणे किती वेळा होते ते मोजायचे. हाताच्या आधाराशिवाय उठताच येत नसेल तर चाचणीप्रमाणे गुण शून्य धरतात. तो वहीत लिहितो, पण मोठ्याने उच्चारत नाही. अशा वेळी खुर्चीवर जाड उशी ठेवून उंची वाढवतो आणि जिथून त्यांना उठता येते तिथून व्यायाम सुरू करतो. मग भिंतीवर हात टेकून ढकलणे, हलका डंबेल घेऊन दोन्ही हातांनी मागे ओढणे, खुर्चीच्या पाठीला धरून एका पायावर तोल सांभाळणे, प्रत्येकी एक-दोन सेट. दमून घरी जावे लागेल इतके पहिल्या दिवशी काहीच देत नाही, कारण स्नायू दुखणे साधारण एक ते तीन दिवसांत सर्वाधिक वाढते आणि नवीन माणूस त्या दिवसांत घाबरून व्यायाम सोडतो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फोन करून कुठे दुखते आहे ते विचारतो, आणि दोन दिवसांनंतरची वेळ त्याच फोनवर ठरवून घेतो.